शेजार निवडण्याचा हक्क

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सोलापूरच्या नव्या पेठेतून जो एकदा हिंडून आला, त्यास एका दुकानात किती भाषा नांदू शकतात हे निराळे सांगावयास नको. कापडाच्या दुकानात एका टोकास तेलुगू बोलणारे पद्मशाली कुटुंब बसलेले असते. मध्ये कानडी बोलणाऱ्या बाया साडीचा पोत बोटांनी चाचपून पाहत असतात. दाराशी दखनी हिंदुस्थानीत भावाची घासाघीस चाललेली असते. आणि गादीवरचा दुकानदार ज्या त्या गिऱ्हाइकास ज्याच्या त्याच्या भाषेत उत्तर देत असतो. कोणाचे आडनाव काय, हे त्यास ठाऊक नसते व विचारण्याची त्यास इच्छाही नसते. परंतु याच पेठेच्या आसपास ज्या नव्या इमारती उठल्या आहेत, त्यांचा जिना चढून वर जाताच पहिला प्रश्न आडनावाचा येतो. तळमजल्यावर ज्याचा पैसा चालतो, तो माणूस दुसऱ्या मजल्यावर चालत नाही. हे असे का व्हावे, आणि ते कायद्याने होऊ द्यावे काय, या प्रश्नाचा विचार आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

हा विचार करण्यास आम्हांस जे निमित्त घडले ते प्रथम सांगितले पाहिजे; कारण त्यात आमचाही दोष आहे. आम्ही राहतो त्या इमारतीतील एक वृद्ध सभासद पुण्यास मुलाकडे कायमचे राहावयास जात आहेत. त्यांची सदनिका विकत घेण्यास एक बँकेतील अधिकारी बाई तयार झाल्या. त्या जातीने मुसलमान. त्यांचे वडील टॉवेलच्या कारखान्यात कामास होते. आणि योगायोग असा की, त्या आमच्याच एकेकाळच्या विद्यार्थिनी. संस्थेच्या सभेत त्यांचे नाव वाचले गेले तेव्हा क्षणभर कोणी बोलले नाही. मग एकेक जण बोलू लागला. बाई चांगल्या आहेत, याविषयी दुमत नव्हते. पैसा रोख आहे, याविषयीही नव्हते. “पण आज एक, उद्या चार” असे कोणी म्हणाले; “आपल्या बायकांच्या सणावाराचे काय?” असे दुसरा म्हणाला. शेवटी असे ठरले की, यापुढे ‘समान आचारविचारांच्या’ कुटुंबांसच सभासदत्व द्यावे, असा पोटनियम करावा. अध्यक्ष आमच्याकडे वळून म्हणाले, “सर, तुमची भाषा चांगली, ठरावाचा मसुदा तुम्हीच करून द्या.” आम्ही “पाहतो” असे म्हणालो. त्या सभेत आम्ही उच्चारलेला हा एकच शब्द.

दोन दिवसांनी त्या बाईंचा दूरध्वनी आला. “सर, मला सगळं कळलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” असे त्या आम्हांसच समजावू लागल्या. तीस वर्षे आम्ही मुलांना स्वातंत्र्य, समता या शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून दाखवीत आलो. त्या शब्दांचा अर्थ आमच्या विद्यार्थिनीस आमच्यापेक्षा अधिक चांगला समजला होता, आणि तो समजूनही आमची भीड राखण्याइतके तिचे मन मोठे होते. तो कोरा कागद अद्याप आमच्या मेजावर आहे. त्यावर काय लिहावे हे ठरविण्यासाठीच हा लेख.

आमच्या अध्यक्षांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांच्या बाजूचे जे बोलता येईल ते आधी बोलू. जातवार घरांची वसाहत ही मूळची दुष्टबुद्धीतून निघालेली गोष्ट नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. १८९८ साली शहर सुधारण्यासाठी ट्रस्ट स्थापन झाला. आणि हवेशीर घरे परवडणाऱ्या भाड्यात कशी मिळवावीत, हा पांढरपेशा कुटुंबांपुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. त्या काळी बिनओळखीच्या कारकुनास घरासाठी कोण कर्ज देणार? तेव्हा ज्यांची ज्यांना ओळख, त्यांनी एकत्र येऊन पैसा जमविला. १९१५ साली गांवदेवीस सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, ती आपल्या देशातील अशा अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. तिच्यामागे श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्यासारखा सहकाराचा निष्ठावान पुरस्कर्ता होता. जात ही त्या वेळी पेढी होती. एकमेकांच्या शब्दाचे तारण तेथेच मिळे.

परंतु आज ते कारण उरले आहे काय? आजची इमारत बांधणारा बांधतो, कर्ज बँक देते, तारण सदनिकेचेच असते, आणि शेजारी शेजाऱ्यास प्रथम ओळखतो तो किल्ली हाती आल्यावर. आमच्या इमारतीतील कुटुंबांनी एकमेकांच्या विश्वासावर एक वीट रचलेली नाही. पेढी केव्हाच बुडाली. तिच्याभोवतीचे कुंपण तेवढे उभे राहिले, आणि त्या कुंपणासच आता आपण ‘परंपरा’ म्हणू लागलो आहो.

या कुंपणास न्यायाचा आधार आहे, असे आमचे वकील मित्र सांगतात. व ते खोटे नाही. अहमदाबादेस १९२६ साली नोंदलेली पारशी गृहस्थांची एक सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. पारशाखेरीज कोणास सभासद करावयाचे नाही, असा तिचा पोटनियम. तिच्याच एका सभासदास आपली मालमत्ता पारशेतरांस विकावयाची होती. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २००५ मध्ये त्या न्यायालयाने पोटनियम वैध ठरविला. निकालाचे तात्पर्य असे की, भेदभाव न करण्याची घटनेची आज्ञा सरकारास आहे, खासगी संस्थेस नाही. आणि संस्था स्थापण्याचे स्वातंत्र्य नागरिकांस घटनेनेच दिले आहे. असा संकुचितपणा आजच्या काळात मागासलेला वाटेल, हे न्यायमूर्तींनी नाकारले नाही. परंतु तो दूर करावयाचा तर ते काम विधिमंडळाचे, असे त्यांनी म्हटले. म्हणजे न्यायालयाने दार बंद केले नाही; किल्ली कोणाकडे आहे तेवढे दाखविले. आमचे वकील मित्र निकालाचा पूर्वार्ध सांगतात व उत्तरार्ध विसरतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माणसाने आपल्या घरी कोणास जेवावयास बोलवावे, कोणाशी स्नेह करावा, हे सांगण्याचा अधिकार कोणत्याही सरकारास नाही, व तो नसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु गृहनिर्माण संस्था म्हणजे घर आहे काय? घराच्या उंबऱ्याच्या आत जे चालते ते कुटुंबाचे. उंबऱ्याबाहेरचा जिना, पाण्याची टाकी, फाटक, अंगण यांवर जी सत्ता चालते ती संस्थेची. ही सत्ता तिला कोठून आली? सरकारी निबंधकाच्या दप्तरात तिची नोंद झाल्यावाचून तिला अस्तित्व नाही. सभासदाने वर्गणी थकविली तर ती जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची सोय कायद्याने तिला दिली आहे. आमच्या भजनी मंडळास किंवा सायंकाळच्या फिरण्याच्या कंपूस अशी सत्ता कोणी दिलेली नाही. जी मंडळी सरकारचा शिक्का वापरून कर बसविते, दंड करते, पाणी सोडते व बंद करते, ती मंडळी मित्रमंडळ नव्हे. ती एक लहानशी नगरपालिका होय. आणि नगरपालिकेने नळ जोडण्यापूर्वी जात विचारावी, असे आमच्या अध्यक्षांसही वाटत नसेल.

शिवाय, स्वातंत्र्याचा जो हा जप चालतो, तो कोणाच्या स्वातंत्र्याचा? पुण्यास निघालेल्या त्या वृद्ध गृहस्थांनी आयुष्यभराच्या पुंजीतून ती सदनिका घेतली. ती योग्य किमतीस, स्वतःच्या पसंतीच्या माणसास विकण्याचे त्यांचे स्वातंत्र्य कोठे गेले? बहुमताने हात वर केले म्हणजे एकाच्या मालकीवर दुसऱ्यांच्या पूर्वग्रहाचा बोजा चढविता येतो, यास संघस्वातंत्र्य म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे.

हाच वाद अमेरिकेत आपल्या आधी होऊन गेला. सेंट लुईस शहरातील एका रस्त्यावरच्या घरमालकांनी १९११ साली आपसांत करार केला की, पुढील पन्नास वर्षे निग्रो किंवा मंगोल वंशाच्या माणसास येथे राहू द्यावयाचे नाही. १९४५ साली शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने त्यांतील एक घर विकत घेतले आणि शेजाऱ्यांनी त्यांस बाहेर काढण्यासाठी न्यायालय गाठले. १९४८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला तो आमच्या विषयास फार उपयोगी आहे. न्यायालय म्हणाले की, खासगी माणसांनी आपसांत असा करार केला तर तो त्यांचा प्रश्न. परंतु तो अमलात आणण्यासाठी न्यायालयाचे, म्हणजे सरकारचे बळ मात्र मिळणार नाही. पुढे १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याच्या आत, वंश, वर्ण, धर्म व मूळ देश यांवरून घर नाकारण्याविरुद्ध कायदाच झाला.

आमच्या अध्यक्षांचे चिरंजीव न्यू जर्सीत असतात. त्यांनी तेथे घर घेतले तेव्हा अध्यक्षांनी साऱ्या इमारतीस पेढे वाटले व घराची छायाचित्रे दाखविली. हिरवळ, दोन मोटारींची जागा, मागे झाडी. तो आनंद आम्हीही मनःपूर्वक वाटून घेतला. परंतु त्या घराच्या पायाखाली १९४८ चा तो निकाल व १९६८ चा तो कायदा आहे, हे कोणी तरी त्यांस सांगावयास हवे होते. तेथील शेजाऱ्यांनी ‘समान आचारविचारांची कुटुंबे’ एवढीच अट घातली असती, तर मुलगा कितीही हुशार असो, सून कितीही सुशील असो, फोडणीचा वास हेच कारण पुरेसे झाले असते. परमुलुखात आपल्या मुलास जो न्याय हवा, तो आपल्या जिन्यावर दुसऱ्याच्या मुलीस नको, या तर्कशास्त्रास आमच्या विद्यापीठांत तरी नाव नाही.

येथे अन्नाचा आक्षेप येतो. “आम्ही धर्म विचारीत नाही, जात विचारीत नाही, आम्ही फक्त शाकाहारी कुटुंब मागतो,” असे आता सभ्यपणे बोलले जाते. शाकाहार ही उदात्त गोष्ट असू शकेल. परंतु तिची चाळणी करून तिच्यातून कोण खाली पडतो ते पाहावे. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडात एका मराठी बाईस, केवळ ती मराठी म्हणून, कार्यालयासाठी जागा नाकारण्यात आली. तिची चित्रफीत घरोघर पाहिली गेली आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. तो संताप अगदी न्याय्य होता. आम्हीही त्यात होतो. मुंबईत मासळी खाणाऱ्या मराठी कुटुंबास घर मिळत नाही, ही तक्रार तर जुनीच. पण जे शस्त्र मुलुंडात आपल्यावर उगारले गेले म्हणून आपण आक्रोश केला, तेच शस्त्र सोलापुरात आपण दुसऱ्यावर चालवितो, तेव्हा त्यास ‘आचारविचार’ म्हणतो. अपमान झाला तो मराठीपणाचा म्हणून वाईट, की माणसाचा म्हणून वाईट, हे एकदा ठरविले पाहिजे. पहिले असेल तर तो केवळ बलाबलाचा तंटा आहे. दुसरे असेल तर आमचा ठराव आजच फाडावयास हवा.

संस्थेने नियम करूच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. जिन्यात कचरा टाकू नये, रात्री कर्णा वाजवू नये, माशांचे पाणी मोरीवाटे दुसऱ्याच्या अंगणात सोडू नये, हे नियम खुशाल करावेत व कडकपणे पाळावेत. ते वागण्याचे नियम आहेत. ते सर्वांस सारखे लागू पडतात, आणि मोडणाऱ्यास सुधारण्याची वाट असते. जन्माचा नियम मोडणारा सुधारणार तरी कसा?

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरास १९०१ पासून जातवार वसतिगृहे काढलीच ना, असे विचारले जाते. होय, काढली. परंतु ती कोणासाठी? ज्या मुलांस गावात कोणी भाड्याने खोली देईना, जेवावयास पंगतीत घेईना, त्यांना शाळेच्या दारापर्यंत पोहोचविण्यासाठी. ती वसतिगृहे सार्वजनिक शाळेच्या वाटेवरची धर्मशाळा होती. दुर्बळांनी एकमेकांस हात देऊन वर येणे निराळे, आणि वर येऊन बसलेल्यांनी शिडी ओढून घेणे निराळे. एखाद्या लहान समाजाने आपल्या निराधारांसाठी धर्मादाय घरे बांधावीत, यास आमची मुळीच हरकत नाही. बाजारात विकली जाणारी सदनिका मात्र धर्मादाय नव्हे.

तिसरा आक्षेप आमच्या सभेतही निघाला. “तेही आपल्याच मोहल्ल्यात राहतात ना? त्यांना तेच आवडते.” या वाक्यावर आम्ही सोलापूरकरांनी तरी चार घटका विचार करावा. १८७१ च्या कायद्याने काही जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविण्यात आले, आणि त्यांच्यासाठी आमच्या गावात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. दिवसा तेथील माणसे गिरणीत राबत; ठरल्या वेळी परत येऊन हजेरी देत. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु सेटलमेंटचा पत्ता सांगितल्याबरोबर कपाळावर आठी पडणे काही रद्द झाले नाही. आधी कुंपण घालावयाचे, मग आतल्यांस म्हणावयाचे की, ही मंडळी एकत्रच राहतात! डॉ. आंबेडकर अमेरिकेहून शिकून बडोद्यास नोकरीवर आले, तेव्हा त्यांस शहरात राहावयास जागा मिळेना. नाव बदलून त्यांनी पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या दहाबारा जणांनी त्यांस बाहेर काढले. एका हिंदू स्नेह्यास व एका ख्रिस्ती स्नेह्यास त्यांनी विचारून पाहिले. दोघांनीही सबबी सांगितल्या. दिवसाचे पाच तास त्यांनी सार्वजनिक बागेत बसून काढले. कोणत्याही एका धर्माच्या माथी हा दोष मारता येत नाही, हे या हकीकतीत दिसते. आणि ज्याला सारे गाव नाकारते तो अखेर आपल्या वस्तीत परततो, यास ‘आवड’ म्हणत नाहीत, हेही दिसते.

मग करावे काय? अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास अडथळा करणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हाच आहे. परंतु ‘आचारविचार’ या शब्दाआड कारण लपले म्हणजे गुन्हा सिद्ध होत नाही, आणि धर्मावरून झालेल्या नकारास तर तो कायदा लागूच नाही. घटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी व तळी सर्वांस खुली केली. म्हणून नव्या पेठेचा तळमजला खुला आहे. वरच्या मजल्याचा नामनिर्देश तेथे राहून गेला. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचे तेविसावे कलम सांगते की, कायद्यानुसार व पोटनियमांनुसार जो पात्र आहे, त्यास पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारू नये. सारी मेख ‘व पोटनियमांनुसार’ या शब्दांत आहे. पोटनियमानेच अपात्र ठरविले की कलमाची कवाडे आपोआप मिटतात. तेव्हा विधिमंडळाने या कलमास एकच वाक्य जोडावे: जात, धर्म, वंश, भाषा किंवा आहार यांवरून कोणासही अपात्र ठरविणारा पोटनियम नोंदला जाणार नाही, व नोंदलेला असल्यास तो रद्द समजावा. खुले सभासदत्व हे जगभरच्या सहकारी चळवळीचे पहिले तत्त्व आहे. तेव्हा या वाक्याने सहकारावर नवे ओझे पडत नाही, त्याचा मूळ धर्मच त्यास परत मिळतो.

हे होऊ शकत नाही असे नाही, आणि त्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. आमच्या गावाशेजारी कुंभारीस विडी वळणाऱ्या बायांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. गोदूताई परुळेकरांचे नाव तिला दिले असून २००६ साली ती घरे कामगारांच्या हाती आली. तेथे पात्रता ठरली ती विडी वळण्यावरून. कोणाच्या देव्हाऱ्यात काय आहे, यावरून नव्हे. ज्यांना आम्ही अशिक्षित म्हणतो, त्या बायांस जे जमले ते पदवीधरांच्या इमारतीस जमू नये, ही लाज आमची आहे.

तथापि कायदा होईल तेव्हा होईल. त्यापूर्वीही एक गोष्ट आपल्या हाती आहे. असे ठराव दुर्जन लिहीत नाहीत. चांगली भाषा येणारे, भिडस्त, सुशिक्षित लोक लिहितात. ‘समान आचारविचार’ हा गोंडस शब्द अडाण्याच्या तोंडी कधी येत नाही. तो आमच्यासारख्या एखाद्या प्राध्यापकाच्या लेखणीतून उतरतो. ती लेखणी थांबली तर सभेला मनातले उघड शब्दांत लिहावे लागेल, आणि उघड शब्दांत लिहून खाली सही करण्याचे धैर्य फार थोड्यांत असते.

आम्ही मेजावरच्या त्या कागदावर अखेर ठराव लिहिला आहे. तो असा: संबंधित सदनिकेच्या हस्तांतरणास संस्थेची हरकत नाही. खाली सूचक म्हणून आमचे नाव आहे. अनुमोदकाची जागा कोरी आहे. येत्या सभेत ती भरते की नाही ते कळेल. न भरल्यास ठराव पडेल, परंतु तो पडल्याची नोंद इतिवृत्तात होईल, आणि त्या दिवशी आम्ही गप्प नव्हतो एवढे तरी आमच्या विद्यार्थिनीस सांगता येईल. वाचकांपैकी पुष्कळ जण अशाच संस्थांचे सभासद असतील. आपल्या संस्थेचे पोटनियम त्यांनी एकदा काढून वाचावेत, आणि आपल्याकडेही अशीच एखादी अनुमोदकाची जागा कोरी आहे काय, ते पाहावे.